साठ युनिट भरले, तरी डिग्री अडली: कम्युनिटी कॉलेजच्या जीईमध्ये या चुका टाळा

मे महिना जवळ आला की अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात, मुलं शिकत असलेल्या ओळखीच्या घरांतून फोन येऊ लागतात. "काकू, साठ युनिट (क्रेडिट) कधीच झाले, ग्रेडही चांगल्या आहेत, मग डिग्री ऑडिटमध्ये 'अपूर्ण' का दिसतंय?" मागे असाच एका मुलाचा फोन आला. मेजर फिजिक्स. कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, सगळीकडे ए. अडलं होतं ते जीवशास्त्राच्या तीन युनिटांच्या एका कोर्सवर आणि भाषणकलेच्या दुसऱ्या एका कोर्सवर. मुलगा हुशार, पण दोन वर्षांत कोणी त्याला सांगितलं नाही आणि त्यालाही विचारायचं सुचलं नाही.

आपल्या घरांत हे वारंवार होतं, याचं कारण मला आपल्या सवयीत दिसतं. पुण्या-नाशिकला आम्ही एफवायला प्रवेश घेतला तेव्हा विषयांची यादी विद्यापीठाकडून आली. एखादा ऐच्छिक विषय निवडला की आपलं काम संपलं. (आता नव्या शैक्षणिक धोरणात तिकडेही क्रेडिट आलेत, पण आज इथे मुलांना सल्ला देणारे आईवडील जुन्या पद्धतीतून आलेले आहेत.) इथे कॅटलॉगमध्ये शेकडो कोर्स असतात आणि जुळणी ज्याची त्याने करायची असते. जीईच्या (जनरल एज्युकेशन, म्हणजे मेजर कोणताही असो, सगळ्यांना सक्तीचे असलेले विविध विषयांचे कोर्स) दृष्टीने निरुपयोगी कोर्स घेतला तरी नोंदणीच्या वेळी कोणी अडवत नाही. युनिट वाढत राहतात आणि जीईच्या यादीतला त्या विषयाचा रकाना रिकामा राहतो.

मी लिहितेय ते कॅलिफोर्नियाबद्दल, कारण तेच मला नीट माहीत आहे. इथे ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथल्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला ६० सेमिस्टर युनिट लागतात. डी अँझा, फूटहिलसारख्या क्वार्टर (तिमाही सत्रांच्या) पद्धतीच्या कॉलेजांत ९०. त्यातला मोठा वाटा जीईचा. प्रत्येक राज्याचं गणित वेगळं आहे. टेक्सासचा कोअर करिक्युलम ४२ तासांचा आहे, त्यात अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था यांचेच १२ तास. न्यू जर्सीत एए (कला) या असोसिएट डिग्रीला जीईचे ४५ क्रेडिट, एएसला (विज्ञान) ३० आणि एएएसला (उपयोजित, नोकरीकडे नेणारी) फक्त २०. एडिसनकडच्या कोणी "एएएस लवकर उरकते" असं सांगितलं तर पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायचंय का, हे आधी विचारा. तशी वाटते ती जीई कमी असल्यामुळे, आणि राहिलेली जीई पुढे कधीतरी भरावीच लागते.

मोठ्या भावंडाची यादी वापरणं

ही चूक सध्या सगळ्यात जास्त दिसते. २०२५च्या फॉल सत्रापासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी ट्रान्सफरची, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठीची, जीई म्हणजे कॅल-गेटसी. २०२१च्या एबी ९२८ या कायद्याने यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही विद्यापीठांसाठी जीईचा एकच नकाशा, म्हणजे आराखडा, करायला लावला. आधी आय-गेटसी आणि सीएसयू ब्रेड्थ असे दोन नकाशे होते. घरातल्या ताईने २०२२ साली आय-गेटसी पूर्ण केलेलं असतं, तिची कागदावरची यादी फ्रिजवर अजून लावलेली असते, आणि धाकटा तीच घेऊन नोंदणीला बसतो.

फरक किरकोळ नाहीत. आय-गेटसीत यूसीला जाणाऱ्याला भाषणकलेचा कोर्स लागत नसे, आता तो सगळ्यांना लागतो. यूसीसाठी परकीय भाषेचा रकाना होता, तो गेला. सीएसयूच्या जुन्या नकाशातला 'लाइफलाँग लर्निंग'चा रकानाही गेला. त्यासाठी पोषण किंवा आरोग्याचा कोर्स मुलं अजून घेतात. युनिट मिळतात, पण त्या नावाचा रकानाच उरलेला नाही.

ज्यांनी २०२५च्या फॉलच्या आधी सुरुवात केली आणि नोंदणीत खंड पडू दिला नाही, त्यांना जुना नकाशा धरून पुढे जाता येतं. याला कॅटलॉग राइट्स म्हणतात. बाळंतपणासाठी किंवा भारतात आजारी आईवडिलांकडे जाण्यासाठी मध्ये वर्षभर थांबलेल्या आपल्या कितीतरी बायका आहेत. त्यांनी परत आल्यावर पहिलं काम म्हणून आपला हक्क टिकलाय का, हे काउन्सेलरकडून लेखी घ्यावं.

त्यात कोर्सचे क्रमांकही बदलले. राज्यभर समान क्रमांक आल्याने इंग्रजी लेखनाचा पहिला कोर्स आता सगळीकडे ईएनजीएल सी-१०००, आणि प्राथमिक संख्याशास्त्र एसटीएटी सी-१०००. जुन्या क्रमांकाने केलेला कोर्स नव्या क्रमांकाने दिसला की मुलांना वाटतं, हा राहिलाय. पुन्हा घेण्याआधी कॅटलॉगमध्ये जुना क्रमांक तपासा.

"सायन्सचे दोन झाले ना?"

कॅल-गेटसीत एकूण ३४ सेमिस्टर युनिट आहेत, सहा विभागांत. इंग्रजी आणि संवादाचे तीन कोर्स, गणिताचा एक, कला आणि मानव्यविद्यांचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन, विज्ञानाचे दोन आणि प्रयोगशाळा, एथ्निक स्टडीजचा एक. वाचायला सोपं आहे. अडचण प्रत्येक विभागाच्या आतल्या अटीत असते.

विज्ञानात एक कोर्स भौतिक शास्त्रांतला आणि एक जीवशास्त्रातला हवा. फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही एकाच बाजूला पडतात. सुरुवातीला सांगितलेला मुलगा इथेच अडला. त्याच्याकडे विज्ञानाचे पंचवीसच्या वर युनिट होते आणि तरी विज्ञानाचा विभाग अपुरा होता. उलट नर्सिंगकडे जाणाऱ्या मुली अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी करतात आणि भौतिक बाजू विसरतात. दोनपैकी एका कोर्सला प्रयोगशाळाही हवी. खगोलशास्त्र, भूगोल यांचा तासांचा कोर्स एका क्रमांकाने आणि प्रॅक्टिकलचा दुसऱ्या क्रमांकाने असतो. मुलं पहिला घेतात आणि सुटले म्हणतात.

सामाजिक शास्त्रांत दोन कोर्स दोन वेगळ्या विषयांतले लागतात. मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स हे दोन कोर्स असले तरी विषय एकच, अर्थशास्त्र. कॉमर्सकडे ओढा असलेल्या आपल्या मुलांना हा फटका हमखास बसतो. कलेच्या विभागात एक कलेचा आणि एक मानव्यविद्यांचा असाच हिशोब. आणि 'क्रिटिकल थिंकिंग'साठी तत्त्वज्ञानातला तर्कशास्त्राचा कोणताही कोर्स चालत नाही, त्यात निबंधलेखनही मंजूर झालेलं असावं लागतं.

यावर माझा एकच आग्रह असतो. कॉलेजची कॅल-गेटसीची चालू वर्षाची यादी छापून घ्या आणि कोर्स घेण्याआधी त्याचं नाव तिथल्या नेमक्या रकान्यात पेन्सिलीने लिहा. यादीत नसलेला कोर्स, तो कितीही चांगला असो, त्या रकान्यात बसणार नाही. दुसऱ्या कॉलेजातून घेत असाल तर असिस्ट या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या कॉलेजची यादी बघा. एकाच नावाचा कोर्स एका कॉलेजात मंजूर आणि दुसऱ्यात नाही, असंही असतं.

एथ्निक स्टडीजला 'कुठलीतरी संस्कृती' समजणं

२०२०च्या एबी १४६० या कायद्याने सीएसयूत हा विषय सक्तीचा झाला आणि आता तो कॅल-गेटसीत आहे. आपल्या मुलांचा हात साहजिकच 'जागतिक धर्म', 'भारताचा इतिहास' किंवा सांस्कृतिक मानवशास्त्राकडे जातो. यातलं काहीही इथे चालत नाही. हा रकाना अमेरिकेतल्या चार समूहांच्या अभ्यासाचा आहे: मूळनिवासी, आफ्रिकन अमेरिकन, एशियन अमेरिकन आणि लॅटिनो.

पालक विचारतात, याचा उपयोग काय? मला या प्रश्नाचं वाईट वाटतं. एशियन अमेरिकन स्टडीज घेतलं तर मुलांना कळतं की १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं, आणि १९५६ साली कॅलिफोर्नियातूनच दलीपसिंग सौंद काँग्रेसवर निवडून गेले. १९१३ साली ज्या सॅन फ्रान्सिस्कोत गदर चळवळीचं केंद्र उभं राहिलं, तिथून आपण रोज ट्रेनने जातो. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. विष्णू गणेश पिंगळे होते, ते भारतात परतले आणि १९१५ साली लाहोरला फासावर गेले. इथे वाढणाऱ्या मराठी मुलाला हे कळण्याची जागा या तीन युनिटांत आहे. ते 'उरकून टाकायचे' म्हणून शेवटच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

"माझं बी.कॉम. आहे, जीई माफ होईल"

ही चूक माझी स्वतःची. एच-४ (नोकरदाराच्या जोडीदाराच्या) व्हिसावर आले, काम करता येत नव्हतं, शिकता येत होतं. अकाउंटिंगच्या असोसिएट डिग्रीला नाव घातलं. बी.कॉम.ची मार्कशीट दाखवली की अर्धी जीई माफ होईल, असं धरून पहिल्या वर्षी सगळे अकाउंटिंगचेच कोर्स घेतले. ऑफिसात मार्कशीट दाखवली तेव्हा कळलं की मूळ मार्कशीट त्यांच्या उपयोगाची नाही. मान्यताप्राप्त संस्थेकडून कोर्सवार मूल्यांकन लागतं. ते करून घेण्यात महिने गेले, आणि मूल्यांकनानंतरही इंग्रजी लेखन करावंच लागलं.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकन मान्यता नसलेल्या विद्यापीठातले कोर्स कॅल-गेटसीत धरले जात नाहीत. कॉलेजच्या स्वतःच्या असोसिएट डिग्रीसाठी, जिची जीई किमान २१ युनिटांची असते, काय धरायचं ते ज्या त्या कॉलेजच्या नियमांवर आहे. आणि त्याआधीचा प्रश्न: तुम्हाला डिग्री खरंच हवी आहे का? भारतातली पदवी हातात असेल आणि नोकरीसाठी नेमकं कौशल्य किंवा सीपीएसाठी (इथल्या सीएसाठी) कमी पडणारे अकाउंटिंगचे युनिट हवे असतील, तर सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट पुरतं. त्याला जीई लागत नाही. हे मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

डी ग्रेड आणि एपी

डी मिळाला तर युनिट पडतात, त्यामुळे पोरं निर्धास्त होतात. कॅल-गेटसीत प्रत्येक कोर्सला सी किंवा त्याहून वर लागतो. डीवाला कोर्स पुन्हा करावा लागतो, आणि ते लवकर कळलेलं बरं.

एपी, म्हणजे हायस्कूलमध्ये देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षेत तीन किंवा अधिक गुण असतील तर बरेच रकाने भरतात. पण क्रिटिकल थिंकिंग आणि भाषणकला हे दोन एपीने भरत नाहीत. शिवाय गुण कॉलेज बोर्डाकडून अधिकृतपणे कॉलेजला पाठवावे लागतात. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतात, एवढं पुरत नाही.

सगळ्यांनी आधी जीईच संपवणं

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि निम्म्या मुलांना तो चुकीचा पडतो. एडीटी ही ट्रान्सफरची असोसिएट डिग्री घेऊन सीएसयूला जायचं असेल, तर जीई पूर्ण हवीच. पण यूसीला इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला जायचं असेल तर प्रवेश ठरतो तो मेजरच्या पूर्वतयारीवर. गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग राहिलं आणि कलेतिहास पूर्ण झाला, तर त्या अर्जाला बळ नाही. यूसी स्वतःच या मेजरना आधी पूर्वतयारी करायला सांगतं. किमान सात कोर्सचा साचा मात्र त्यांनाही लागतो: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि चार कोर्स कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान यांपैकी किमान दोन विभागांतले.

सीएसयूला जाणाऱ्यांनी अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांचे कोर्स असे निवडावेत की सीएसयूची त्या विषयांची पदवीसाठीची वेगळी अटही त्यांतच भागेल.

आता काय, चूक तर होऊन गेली

एक-दोन कोर्स राहिले असतील तर उन्हाळी सत्र आहे. आपल्या कॉलेजात जागा नसेल तर कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पसवरून राज्यातल्या दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन कोर्स घेता येतो. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांनी इथे जपावं: पूर्ण वेळेच्या १२ युनिटांत सत्राला एकच ऑनलाइन कोर्स धरला जातो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे राहिलेला तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलरचा. बाहेरच्यांना कितीतरी पट. एखादा कोर्स आशयाने जुळतो पण यादीत नाही, असं असेल तर कॉलेजच्या स्वतःच्या डिग्रीसाठी सब्स्टिट्यूशनचा, म्हणजे एका कोर्सऐवजी दुसरा धरण्याचा, अर्ज करता येतो. कॅल-गेटसीसाठी त्यावर विसंबू नका.

क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातून सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात जात असाल तर कॅल्क्युलससारखी मालिका अर्ध्यात सोडू नका, एका ठिकाणी पूर्ण करा. युनिटही दीडपटीने मोजायचे असतात: चार क्वार्टर युनिट म्हणजे तीन सेमिस्टर युनिट नव्हे, त्याहून थोडे कमी.

आणि सगळे रकाने भरले तरी एक कागद राहतो. कॅल-गेटसीचं सर्टिफिकेशन, म्हणजे ती पूर्ण झाल्याचा कॉलेजचा दाखला, बऱ्याच कॉलेजांत मागितल्याशिवाय होत नाही. दोन-तीन कॉलेजांत कोर्स केले असतील तर प्रत्येकाची ट्रान्सक्रिप्ट शेवटच्या कॉलेजकडे आधी पोचलेली हवी. ते नसेल तर नवं विद्यापीठ तुमची जीई आपल्या नियमांनी पुन्हा मोजू शकतं. शेवटच्या सत्राच्या ग्रेड लागल्या की त्याच आठवड्यात अर्ज करा, आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट मागवताना 'सर्टिफिकेशनसह पाठवा' या चौकटीवर खूण केल्याची खात्री करा.