किडनी मिळेपर्यंतचा खर्च: या चुका टाळा

आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास डायलिसिस. हा खर्च मोठा असला तरी ठरलेला असतो, त्याचा हिशेब मांडता येतो. कुटुंब कर्जात जातं ते न ठरलेल्या खर्चाने: रात्री दोन वाजता दम लागून अ‍ॅडमिट, आयसीयू, महागडी अँटिबायोटिक्स. यातला बराच खर्च आधी कुठेतरी केलेल्या काटकसरीतून उभा राहतो.

आधी अ‍ॅडमिट, मग कागद

महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरलेली बिलं मागाहून परत मिळतील या भरवशावर राहू नका. पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला) गाठा आणि नेमका प्रश्न विचारा: ‘इथे योजनेत डायलिसिस आहे का?’ रुग्णालय योजनेत असतं, पण हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी. किडनीच्या उपचारांसाठी नसतं, असंही निघतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते आजच पाहा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव कार्डावर चढवायचं राहून गेलेलं असतं आणि ते नेमकं अ‍ॅडमिट करताना लक्षात येतं. पांढऱ्या कार्डवाल्यांनी ‘ही योजना आपल्यासाठी नाही’ असं समजू नये. आता सगळ्या रेशनकार्डधारकांचा समावेश झाला आहे आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांची आहे. कुटुंबामागे म्हणजे घरात आणखी कुणाचं ऑपरेशन झालं तर तेही त्यातूनच वजा होतं.

मोठं रुग्णालय पाहून बिचकू नका. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा, बिलिंगच्या खिडकीवर नको.

फिस्टुला ‘पुढच्या महिन्यात बघू’

सगळ्यात महाग पडणारी चालढकल हीच. फिस्टुला म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट. तो नसेल तर मानेत नळी घालावी लागते. मानेतल्या तात्पुरत्या नळीतून जंतू थेट रक्तात जातात. थंडी वाजून ताप भरला की अ‍ॅडमिट, नळी बदलणं, इंजेक्शनं. फिस्टुला पिकायला (वापरण्याजोगा व्हायला) सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून डायलिसिस जवळ आलंय असं डॉक्टर म्हणाले की लगेच करून घ्या. त्या हातावर बीपी मोजू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, घड्याळ-बांगड्या घट्ट नकोत, त्या कुशीवर झोपायचं नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा: मांजर गुरगुरताना लागते तशी थरथर जाणवली पाहिजे. ती थांबली असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. एक-दोन दिवसांत गुठळी काढता आली तर फिस्टुला वाचण्याची शक्यता असते; नाही तर नवा फिस्टुला आणि तोवर पुन्हा मानेत नळी.

इंजेक्शनऐवजी रक्ताची बाटली

हिमोग्लोबिन उतरलं की ते वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांपेक्षा रक्त चढवणं स्वस्त वाटतं. प्रत्यारोपणाच्या रांगेतल्या रुग्णाने मात्र हा हिशेब पुन्हा मांडावा. परक्या रक्तामुळे अंगात अँटिबॉडीज तयार होऊ शकतात. मग क्रॉसमॅच (दात्याशी जुळतं का पाहणारी रक्ताची चाचणी) पॉझिटिव्ह येतो, म्हणजे जुळत नाही, आणि नंबर लागूनही किडनी दुसऱ्याला जाते. रक्त द्यावंच लागलं तर ल्युकोसाइट फिल्टर (रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाळणारी जाळी) लावण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

इंजेक्शनही वाया जाऊ शकतं. अंगात लोह कमी असेल तर त्याचा नीट गुण येत नाही. डोस वाढवण्याआधी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करून घ्या. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. एसटीच्या प्रवासात पिशवीत तापलेलं किंवा फ्रीझरमध्ये गोठलेलं इंजेक्शन म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. लोहाची इंजेक्शनं, कॅल्शियम, बीपीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळतात का, तेही आधी विचारा.

एक डायलिसिस चुकवलं, पाणी मात्र प्यायलं

दिवसभरात होणारी लघवी अधिक साधारण अर्धा लिटर, एवढंच पाणी (तुमचा नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या). सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरा. चहा, ताक, आमटी घेतली की तेवढं बाटलीतून ओतून टाका; संध्याकाळी हिशेब समोर दिसतो. खरी मेख मिठात आहे. लोणचं-पापड खाल्लं की तहान आवरत नाही. आणि बीपीसाठी चांगलं म्हणून विकलं जाणारं ‘लो सोडियम’ मीठ घरातून काढूनच टाका: त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. नारळपाण्याचंही तेच.

हिपॅटायटिस बीची लस टाळणं

डायलिसिसच्या रुग्णाला नेहमीच्या दुप्पट, म्हणजे बहुतेक लशींचा 40 मायक्रोग्रॅमचा डोस लागतो: 0, 1, 2 आणि 6 महिने. नंतर टायटर (लशीने रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडीजचं प्रमाण) तपासा. 10 च्या वर हवा. संसर्ग झाला तर वेगळं मशीन असलेलं केंद्र शोधावं लागतं, तिथे डायलायझरचा (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा) पुनर्वापर होत नाही, आणि खर्च वाढतो.

यादीत नाव, पण फोन बंद

महाराष्ट्रात मृत दात्याच्या किडनीसाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवलं जातं. नाव आहे म्हणजे आपण तयार आहोत असं नाही. रक्ताच्या, हृदयाच्या तपासण्या जुन्या झाल्या तर ऐन वेळी अडतं. दोन नातेवाइकांचे चालू नंबर द्या, कारण फोन रात्री-अपरात्री येतो. घरचा दाता आहे पण रक्तगट जुळत नाही, तर गप्प बसू नका, अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाची (दोन कुटुंबांनी एकमेकांच्या रुग्णाला किडनी देण्याची) सोय कायद्यात आहे. किडनी ‘मिळवून देणाऱ्या’ दलालाला दारात उभं करू नका. किडनीच्या खरेदी-विक्रीला 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड आहे, आणि घेणाराही त्यात अडकतो.

शस्त्रक्रियेतच सगळी पुंजी संपवू नका. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट ही शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची औषधं किडनी चालेल तोवर घ्यायची असतात आणि पहिल्या वर्षी डोस जास्त असतो. त्या वर्षाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा.

किरकोळ वाटणाऱ्या सवलतीही सोडू नका. डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेत स्लीपर व थर्ड एसीला 75 टक्के सवलत आहे. रुग्णालयाचं प्रमाणपत्र विहित नमुन्यातच लागतं, साध्या लेटरहेडवरचं चालत नाही.