पिसवा घालवायचा दिवस ठरवण्याआधी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की पुराचा इशारा मिळतो, 43 ला धोका. पिसवांच्या बाबतीत अशी सोय नाही. मनीच्या मानेवर एक पिसू दिसली म्हणजे पाणी आधीच सोप्यात आलंय असं धरून चालायचं. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या साधारण 5 टक्के. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात. एक मादी दिवसाला 40-50 पर्यंत अंडी घालते, ती खसखशीहून बारीक आणि गुळगुळीत, केसांना धरून राहत नाहीत. कुत्रं जिथं अंग टाकतं तिथं गळतात. म्हणून मोत्याला तीनदा कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालूनही आमच्याकडं काही फरक पडला नव्हता. जनावर आणि घर एकाच दिवशी धरायचं असतं, आणि त्यासाठी सामान आधी गोळा करावं लागतं.

आधी खात्री करा. उवांची बारीक फणी आणा, ती पुढंही लागणार आहे. कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवा, खाली पांढरा कागद धरा. मिरपुडीसारखी काळी कणी पडली तर ओल्या कापसानं टिपा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसतीच माती असेल तर मातीसारखीच राहते. फणीत जिवंत पिसू सापडली तर नखावर चिरडायच्या नादाला लागू नका, उडून जाते. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवा आणि फणी त्यात बुडवा.

मग जनावरांच्या डॉक्टरांकडं. जाताना घरातल्या सगळ्या जनावरांची वजनं कागदावर लिहून न्या. आपण एकटं काट्यावर उभं राहायचं, मग त्याला उचलून, आणि वजाबाकी करायची. मानेवर सोडायचे थेंब असोत वा गोळी, सगळं वजनावर ठरतं. कुत्रं एकटंच खाजवत असलं तरी औषध सगळ्यांना, तेही एकाच दिवशी. थेंबांच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही.

इथं एक गोष्ट जोर देऊन सांगतो. कुत्र्याचे थेंब मांजराला लावायचे नाहीत, अर्धे करूनही नाहीत. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते पचवता येत नाही, अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. आपल्याकडं दुसरा धोका गोठ्यातला. म्हशीच्या गोचिडाची बाटली घरात असतेच, आणि ‘जरा पाण्यात घालून लाव की’ असं सांगणारा एक जण प्रत्येक गल्लीत असतो. ते औषध म्हशीच्या हिशेबाचं, त्याला मांजराजवळ आणू नका आणि कुत्र्यालाही विचारल्याशिवाय लावू नका. निपाणीच्या तंबाखूचं पाणी, रॉकेल, फिनाईल हे जुने उपायही तसेच. पिसवांपेक्षा जनावरालाच जास्त लागतात, कारण ते अंग चाटतं. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर घरी फक्त फणी, बाकी डॉक्टर सांगतील ते. त्याच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर दिवस ठरवत बसू नका, लगेच घेऊन जा, एवढंसं पिल्लू रक्त गेल्यानं मरू शकतं. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तेही सांगा. पिसू गिळल्यानं पोटात चपटे जंत होतात, त्याची गोळी वेगळी असते.

दिवस निवडताना आकाश बघा. दमट, उबदार हवा पिसवांना मानवते, त्यामुळं आपल्या पावसाळ्यात त्यांचं फावतं आणि आपली वाकळ मात्र चार दिवस वाळत नाही. उघडीप मिळेल तो दिवस धरा. जनावराचं अंथरूण, वाकळ, सोफ्याचे अभ्रे, पायपुसणी हे सगळं कडकडीत पाण्यातून काढून उन्हात टाकायचं. पोतं असेल तर टाकूनच द्या.

खरी मेहनत फरशीची. शहाबादी फरशीच्या सांध्यात बोट घाला, भुरी माती निघेल, अळ्या तिथंच राहतात. त्यांना उजेड नको असतो आणि मोठ्या पिसवांची विष्ठा हेच त्यांचं खाणं. व्हॅक्युम क्लीनर शेजारून मागून आणा, नसेल तर जुना दात घासायचा ब्रश, केरसुणी आणि ओलं फडकं. सांधे, कपाटाखालची धूळ, सोफ्याच्या फटी, जिन्याखालचा कोपरा. मांजर दुपारी मोपेडच्या सीटवर झोपत असेल तर तीही पुसा, आम्ही नेमकी तीच विसरलो होतो. निघालेली धूळ पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी कचऱ्याच्या गाडीत. पुढच्या उन्हाळ्यात सांधे सिमेंटनं भरून घेता आले तर उत्तमच.

फवारणी झाडलोटीनंतर. माणूस बोलावणार असाल तर अळ्यांची वाढ रोखणारं औषध, मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन, त्यात आहे का विचारा. घरात मांजर आहे हेही सांगा. माशांची टाकी झाका, तिचा हवेचा पंप बंद करा, आणि फरशी वाळेपर्यंत सगळे बाहेर.

एवढं करून दोन आठवड्यांनी परत पिसवा दिसतील, तेव्हा औषधाला शिव्या देऊ नका. कोषावर फवारा चालत नाही, आणि कोष काही महिने तसाच पडून राहू शकतो. पाऊल वाजलं, ऊब लागली की आतली बाहेर येते. आम्ही गणपतीला आठवडाभर गावी होतो, घर बंद. परत येऊन कुलूप काढलं आणि पाचव्या मिनिटाला पोटऱ्या खाजवायला लागल्या. म्हणून पहिले तीन आठवडे रोज झाडायचं, त्या धक्क्यानं कोष फुटतात आणि बाहेर आलेल्या पिसवा औषधाला सापडतात. जनावराचा पुढचा डोस कॅलेंडरवर लिहून ठेवा, दोन-तीन महिने तरी चुकवू नका.

तपासायला पांढरे मोजे पोटरीपर्यंत ओढून घरभर फिरायचं, काळा ठिपका उडी मारतो तो दिसतोच. आमचे मोजे दारामागच्या खुंटीला टांगलेले असतात. कुणी धुवायला टाकले की आई ओरडते.