सोलापुरात जुनी युरोपीय कूपे (दोन दारांची मोटार) घेण्यापूर्वी
किमतीची बोलणी सुरू करण्याआधी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) पाहावी. नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि गाडीच्या सांगाड्यावरचा चासी क्रमांकच आरसीशी जुळत नसेल, तर पुढची तपासणी व्यर्थ आहे. उदाहरणार्थ, १९८२ ते १९९१ या काळातील पोर्शे ९४४ या कूपेमध्ये टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा इंजिनातला पट्टा) तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन बिघडते, म्हणून बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करावा. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून, शहरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत गाडी चालवून इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहावा (हिवाळ्यातल्या सकाळी कोणतीही गाडी गुणी वाटते). सुटे भाग बहुधा परदेशातूनच येतील. रोजच्या वापराला दुसरी गाडी नसेल, तर माझ्या मते हा व्यवहार करू नये.