लसीच्या तारखेआधीची तयारी

सगळ्यात आधी लसीकरणाचं कार्ड पिशवीत टाका. बाकी काही विसरलं तर निभावून नेता येतं, पण कार्डाशिवाय खोळंबा ठरलेला. कुठली लस कधी दिली आणि पुढची कधी द्यायची हे त्यावरूनच ठरतं. एकाच लसीच्या दोन डोसांत बहुतेक वेळा निदान ४ आठवडे जावे लागतात, तेव्हा "मागच्या महिन्यात कधीतरी दिली होती" एवढ्या माहितीवर पुढचा डोस देता येत नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या, आणि दर भेटीनंतर नवे काढा.

त्याच पाकिटात जन्माच्या वेळची कागदपत्रं ठेवा: जन्मवजन, बाळ कितव्या आठवड्यात झालं, टाचेतून रक्ताचे थेंब घेतले असतील तर त्यांचा अहवाल, कानांची तपासणी. "काही कळवलं नाही म्हणजे सगळं चांगलंच असणार" असं कृपा करून समजू नका, अहवाल मागून घ्या आणि वाचा. थायरॉइडचं हार्मोन जन्मतः कमी असलेलं बाळ दिसायला अगदी गुटगुटीत असू शकतं, ते कळतं टाचेच्या रक्तावरून. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मेंदूची वाढ सांभाळता येते, उशीर झाला की गेलेलं भरून काढणं अवघड. कानांचं गणित १, ३, ६ असं लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, शंका असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

आता खरी तयारी, जी पिशवीत मावत नाही. डॉक्टर बाळाला दहा-पंधरा मिनिटं पाहतात, तेही रडताना किंवा झोपेत. तुम्ही चोवीस तास पाहता. म्हणून "बाळ कसं आहे?" या प्रश्नाला "छान आहे" हे उत्तर नेऊ नका, पाहिलेलं न्या. आधीचे आठ दिवस मोबाइलवर दोन-दोन ओळी लिहून ठेवा. आपल्याकडे पाहून हसतं का (दोन महिन्यांच्या आसपास हसायला लागतं)? पालथं ठेवल्यावर मान कितपत उचलतं? मागून हाक मारली की थबकतं का? दोन्ही हात सारखेच वापरतं का? वर्षाच्या आत बाळ सारखा एकच हात पुढे करत असेल तर त्याला डावरं किंवा उजवं म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या हातात ताकद कमी आहे का ते तपासून घ्यावं लागतं. आणि एखादी गोष्ट खटकत असेल तर तिचा व्हिडिओ काढा. विचित्र दचकणं, डोळा तिरका जाणं, फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसणं, हे दवाखान्यात नेमकं त्या वेळी दिसेलच असं नाही. पांढऱ्या चमकेसाठी तर पुढच्या तारखेची वाटही पाहू नका, लगेच जा.

महिन्यांचे आकडे मात्र जरा सैल हाताने धरा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ साली जे मांडलं, त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आहे आणि एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. साधारण ४ टक्के मुलं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालतं यावरून आपल्या बाळाबद्दल काहीच ठरत नाही. पण आधी येत असलेली गोष्ट बाळ करेनासं झालं, बडबड थांबली, नजर देईनासं झालं, तर ते कुठल्याही वयात ताबडतोब दाखवायचं.

माझा मुलगा ३४ व्या आठवड्यात झाला. सहा महिन्यांचा झाला तेव्हा पाठीला उशी देऊन बसवला की पुढे दुमडत जायचा, इतका की नाक पायाच्या अंगठ्याला लागायचं. मी रोज बसवून पाहायचे आणि रोज रडायचे. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बाळंतपणाची दिलेली तारीख कोणती होती?" त्या तारखेपासून मोजलं तर तो साडेचारच महिन्यांचा होता, आणि मान पक्की धरत होता. लवकर जन्मलेल्या बाळाची वाढ दोन वर्षांचं होईपर्यंत अशीच मोजायची. लसी मात्र जन्मतारखेनुसारच. बाळ लहानखुरं आहे म्हणून आपल्या मनाने पुढे ढकलायच्या नाहीत. अगदी कमी वजन असेल तर एखाद्या लसीचा वेगळा विचार डॉक्टर करतात.

साधी सर्दी किंवा थोडा खोकला असला तरी तारीख चुकवू नका. डोस राहिलाच असेल तर लाजून घरी बसू नका. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे चालू होतं. आधीच्या डोसानंतर अंगावर गांध्या उठल्या असतील, झटका आला असेल, श्वास लागला असेल, किंवा घरात कुणाला प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर ते सुई टोचण्याआधी सांगायचं. हे लिहूनच न्या, ऐन वेळी सुचत नाही.

कपडे पुढून उघडणारे, मांड्या पटकन मोकळ्या होतील असे. तान्ह्यांना सुई मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. अंगावर पाजत असाल तर सुई देताना पाजू द्या म्हणून विचारा. त्याने दुखणं खरंच कमी जाणवतं. नाही जमलं तर बाळाला आडवं दाबून धरण्यापेक्षा छातीशी उभं घट्ट धरा. लस झाल्यावर निदान १५ मिनिटं तिथेच थांबा.

निघण्याआधी तापाच्या औषधाचा डोस आजच्या वजनानुसार लिहून घ्या, आणि ताप येऊ नये म्हणून आपल्या मनाने आधीच औषध पाजू नका. घरात चालू स्थितीतला थर्मामीटर असावा, हाताने ताप कळत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप भरला तर "लसीचाच असेल" म्हणून रात्र काढू नका, फोन करा. गोवराच्या लसीचा ताप येतो तो बहुधा आठवडा उलटल्यावर, तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बीसीजीच्या, म्हणजे क्षयरोगाच्या लसीच्या, जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वाळतो. तो पिळायचा नाही, त्यावर मलम लावायचं नाही.