फ्रान्सला फ्रेंच-लॅटिनच्या मास्टर्सला येताय? मग हे वाचा राजेहो

यवतमाळ-वाशिमकडच्या पोरापोरींचे आजकाल मेसेज येतात, ॲडमिशन झाली, आता पुढं काय म्हणून. आधी कागदाचं बोलू, कारण इथं कागदापायीच जीव जाते. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पेटीत ठेवून येऊ नका, त्यावर आई-बाबा दोघांचीही नावं पाहिजेत, स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं पाहिजे आणि निघायच्या आधीच अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून घ्या. इथल्या हेल्थ इन्शुरन्सचा कायमचा नंबर काढताना तो मागतातच, अन् ऐन कापूस वेचणीत बाबांना चकरा मारायला लावणं काही बरं नाही. इथं पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा असते, पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

आता खरं दुखणं, लॅटिन. फ्रेंचमध्ये बोलून-ऐकून माणूस निभावून नेते, पण वेर्सिओं, म्हणजे लॅटिन उतारा फ्रेंचमध्ये उतरवायचा, तिथं घाम फुटते. वर्गातली काही पोरं शाळेपासून लॅटिन शिकलेली असतात, त्यांना पाहून दबू नका. बऱ्याच ठिकाणी नवशिक्यांसाठी 'ग्रां देब्युतां' वर्ग असतात, बिनधास्त नाव टाका. आणि शाळेत संस्कृत घेतलं होतं ना, मार्कांसाठी का होईना? ते इथं कामी येते बाप्पा! 'पुएल्लाम नाउता आमात' यात पोरगी पहिली आली तरी शेवटचा म् पाहायचा, रामम् सारखाच, म्हणजे ती कर्म, प्रेम करणारा तो खलाशी. विभक्त्या सहाच, तृतीया-पंचमीचं बरंचसं काम एकटी ॲब्लेटिव्ह करते.

गाफियो, १९३४ ची लॅटिन-फ्रेंच डिक्शनरी, सेकंडहँड घ्या, विटेएवढी जड आहे पण परीक्षेत मोबाईल चालत नाही. जुनी पुस्तकं गालिकावर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर, फुकट आहेत.

मार्क २० पैकी, १० ला पास. १४ आले तर घरी पेढे वाटायला सांगा, खरंच. दोन वर्षांत १२० क्रेडिट, त्यातच मेमुआर म्हणजे प्रबंध, त्याचा गाईड लवकर धरा. पार्टटाइम काम वर्षाला ९६४ तासांपर्यंत चालते, पण वेर्सिओंच्या आठवड्यात शिफ्ट घेऊ नका.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, कोणी सांगत नाही. इथल्या सरकारी शाळेत पर्मनंट शिक्षक व्हायची जी परीक्षा असते, कापेस, तिला युरोपियन नागरिकत्व लागते. करारावर शिकवता येते, अन् पीएचडी करून युनिव्हर्सिटीत जायला नागरिकत्वाची अट नाही. कर्ज काढायच्या आधी हे घरी नीट समजावून सांगा.