वरच्या शून्याचे नऊ का होतात? भावी शिक्षकांसाठी गणिताची तयारी

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष सरावासाठी, नाशिकमधील महापालिकेच्या शाळेत किंवा पेठ, सुरगाणा भागातील जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या छात्राध्यापकाला चौथीपर्यंतची उदाहरणे सोडवता येतातच, अडचण येते ती वजाबाकी शिकवताना एखाद्या मुलाने "वरच्या शून्याचे नऊ का झाले?" असे विचारल्यावर. शिक्षक पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरमध्ये १५० पैकी ३० गुण गणिताला आहेत, परंतु या प्रश्नाचे उत्तर त्या सरावातून हाती लागेलच असे नाही. म्हणून पाठाचे टाचण लिहिण्यापूर्वी त्या घटकातील प्रत्येक रीत स्वतः उलगडून पाहावी.

सुरुवात ४०२ − १७८ या वजाबाकीपासून करावी. काड्यांचे शंभराचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवाव्यात. आठ काड्या काढायच्या आहेत आणि सुट्या दोनच आहेत. दशकाचा गठ्ठा एकही नाही. तेव्हा शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक करावेत, त्यांतील एक दशक सोडून दहा सुट्या काड्या कराव्यात. आता ३ शतक, ९ दशक आणि १२ एकक झाले, आणि एकूण काड्या ४०२ च राहिल्या. शून्याचे नऊ झाले ते असे. यानंतर २२४ हे उत्तर मुले स्वतःच काढतात. एखाद्याच्या वहीत ३७६ दिसले, तर नुसती फुली मारू नये: त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे त्याची चूक आकडेमोडीत नसून संख्या समजण्यात आहे. घरी आजोबांनी "वरच्याला दहा, खालच्याला एक" अशी रीत शिकवलेली असेल, तर तीही खोडू नये. दोन्ही संख्यांत सारखेच मिळवले की फरक बदलत नाही, हे तिचे कारण शिक्षकाला ठाऊक असावे.

संख्यानामांकडेही लक्ष द्यावे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी येतात आणि पन्नास नंतर, लिहिताना मात्र उलट, म्हणून काही मुले २५ लिहितात. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणाऱ्या मुलाने 'तीस' नीट ऐकलेले असते, 'एकोण' म्हणजे एक कमी हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्यांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते त्या मुलांसाठी हा भार दुहेरी आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा त्याची बरीच थट्टा झाली. माझ्या मते वर्गात दोन्ही वाचने शेजारी शेजारी चालवण्यास काहीच हरकत नाही.

सर्वांत अधिक वेळ अपूर्णांकांच्या भागाकाराला द्यावा, कारण "उलटा करून गुणा" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कारणाविना पाठ केलेले असते. निफाड-दिंडोरीची द्राक्षे बाजारात आली की उदाहरण आयतेच मिळते. ३ किलो द्राक्षे पाऊण किलोच्या पिशव्यांत भरायची आहेत. पिशव्या किती होतील? ३ किलोचे पाव बारा, हा ४ ने गुणाकार झाला. प्रत्येक पिशवीत तीन पाव जातात, हा ३ ने भागाकार झाला. म्हणून ३ ÷ ३/४ म्हणजे ३ × ४/३, आणि पिशव्या चार.

यापुढचा टप्पा छात्राध्यापकांनाही चकवतो. द्राक्षे अडीच किलो घ्यावीत. दहा पाव होतात, तीन पिशव्या भरतात आणि एक पाव उरतो. रीतीने उत्तर ३ १/३ येते, तर तराजूवर उरलेली द्राक्षे १/४ किलो भरतात. मग बरोबर काय? दोन्ही. उरलेला पाव हा किलोचा चौथा हिस्सा आहे, पण पिशवीचा तिसरा; आणि प्रश्न पिशव्यांचा होता. अपूर्णांक नेहमी कशाचा तरी असतो, आणि तो कशाचा आहे हे फळ्यावर प्रत्येक वेळी लिहिण्याची सवय स्वतःला लावून घ्यावी.

तयारी तपासण्यासाठी पाठाच्या आदल्या दिवशी २ ÷ २/३ वर एक शाब्दिक उदाहरण रचावे आणि गणिताशी संबंध नसलेल्या मित्राला ते चित्र काढून समजावावे. "दोन किलोंचे दोन तृतीयांश" असे उदाहरण तयार झाले, तर तो गुणाकार आहे. पुन्हा पिशव्यांपासून सुरुवात करावी.