ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मदतीचे चर्चागट : संगणक सुरळीत असतानाच करावयाची तयारी

मदतीची गरज बहुतेक वेळा नेमकी तेव्हाच पडते, जेव्हा मदत शोधण्याचे साधनच बंद पडलेले असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमविषयी (विंडोजसारख्या, संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीविषयी) चर्चागटांतून मदत मिळवण्याच्या तयारीची ही यादी अडचणीत सापडलेल्या वाचकापेक्षा, ज्याचा संगणक आज व्यवस्थित चालू आहे अशा वाचकासाठी अधिक आहे. येथे सांगितलेली बहुतेक कामे एका निवांत दुपारी उरकतात, आणि तीच कामे संगणक बंद पडल्यावर करू म्हटले तर अनेकदा करताच येत नाहीत.

सर्वांत आधी आपल्या यंत्रावर नेमके काय आहे ते लिहून काढावे, कारण कोणत्या गटाकडे जायचे हे त्यावरूनच ठरते. ‘विंडोज आहे’ एवढ्या माहितीवर कोणीही नीट उत्तर देऊ शकत नाही. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ (winver) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक (आवृत्तीचा अधिक नेमका क्रमांक) दिसतो. त्यासोबत ‘होम’ आहे की ‘प्रो’ हेही नोंदवावे, कारण ग्रुप पॉलिसी एडिटरसारखी (विंडोजच्या खोलवरच्या सेटिंग्ज बदलणारी) साधने ‘होम’मध्ये दिलेली नसतात आणि त्यांवर आधारलेला सल्ला तेथे उपयोगी पडत नाही. मॅकवर सफरचंदाच्या चिन्हाखालील ‘अबाउट धिस मॅक’मध्ये आवृत्तीबरोबर चिप इंटेलची की ॲपलची हे दिसते, आणि तो फरक महत्त्वाचा असतो. दुरुस्तीच्या विभागात जाण्यासाठी इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि ‘आर’ दाबून धरावे लागते, तर ॲपलच्या चिपवर पॉवरचे बटणच दाबून ठेवावे लागते. लिनक्स वापरणाऱ्यांनी वितरणाचे (उबंटूसारख्या लिनक्सच्या तयार संचाचे) नाव, त्याची आवृत्ती, ‘युनेम’ ही आज्ञा ‘आर’च्या पर्यायासह (uname -r) देऊन मिळणारा कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) क्रमांक आणि डेस्कटॉप (पडद्यावरील मांडणी) नोम आहे, केडीई आहे की आणखी कोणता, हे लिहावे. पडद्याशी संबंधित तक्रारींत, पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या दोन यंत्रणांपैकी वेलँड चालू आहे की एक्स-११, हा प्रश्न हमखास विचारला जातो. यंत्राचे मॉडेल, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, वाय-फायची चिप आणि रॅम या नोंदी सर्वांनीच ठेवाव्यात.

आपली आवृत्ती अजून सांभाळली जाते का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे नेहमीचा पाठिंबा मिळतो. मधल्या आवृत्त्यांना मात्र तो केवळ नऊ महिने असतो. मुदत संपलेल्या आवृत्तीविषयीचे प्रश्न काही गट स्वीकारतच नाहीत आणि इतर ठिकाणी पहिला सल्ला आवृत्ती बदलण्याचाच मिळतो.

आता प्रत्यक्ष शोध. याची सुरुवात नेहमी त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावी, तेथील ‘सपोर्ट’ किंवा ‘कम्युनिटी’ या दुव्यावरून पुढे जावे आणि शोधयंत्रात सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून कोठेही जाऊ नये. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांचे स्वतःचे प्रश्नोत्तरांचे विभाग आहेत, डेबियन या लिनक्स वितरणाची वापरकर्त्यांसाठीची ईमेल यादी (एक पत्र सर्व सदस्यांना पोहोचते असा गट) आहे, फेडोरा आणि लिनक्स मिंट ही वितरणे व फ्रीबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम यांची आपापली चर्चापीठे आहेत. ‘सुपर युजर’सारखे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रश्नासाठी खुले असते, परंतु तेथे एक प्रश्न आणि त्याची उत्तरे एवढीच चौकट असल्यामुळे मोघम विचारणा लवकर बंद केली जाते.

गटाची हद्द वाचून घेण्याचे काम कंटाळवाणे वाटते, तरी ते टाळू नये. आर्च लिनक्स या वितरणाच्या चर्चापीठावर केवळ आर्चचेच प्रश्न घेतले जातात; आर्चवर आधारलेले मांजारो वापरणाऱ्याने मांजारोच्या गटात जावे, अशी तेथे स्पष्ट अपेक्षा असते. मिंट उबंटूवर आधारलेले असले तरी ‘आस्क उबंटू’ या उबंटूच्या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी मिंटचे प्रश्न बसत नाहीत. यात नवख्या माणसाला तुटकपणा जाणवतो, पण त्यामागचे कारण रास्त आहे. आधारित वितरणे पॅकेजांच्या (प्रोग्रामच्या तयार गठ्ठ्यांच्या) आवृत्त्या आणि मांडणी बदलतात, त्यामुळे मूळ वितरणाच्या जाणकाराने दिलेले उत्तर तेथे चुकू शकते, क्वचित नुकसानही करू शकते.

गट जिवंत आहे का, हे सदस्यसंख्येवरून कळत नाही. गेल्या आठवड्यातील काही प्रश्न उघडून उत्तर मिळाले का, ते देणाऱ्याने कारण सांगितले का, आणि विचारणाऱ्याने शेवटी ‘जमले’ असे कळवले का, हे पाहावे. उत्तरांत केवळ ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ एवढेच वारंवार दिसत असेल, तर दुसरा गट निवडावा. जुने संग्रह मात्र वेगळ्या कारणाने मोलाचे असतात. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची वार्ता यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरील, मिनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या चर्चागटातच दिली होती. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरील नवा मजकूर घेणे थांबवले असले तरी जुना मजकूर तेथे शोधता येतो, आणि जुन्या यंत्रांविषयीची काही उत्तरे अशाच संग्रहांत सापडतात. याउलट डिस्कॉर्ड किंवा टेलिग्रामवरील गप्पांमध्ये उत्तर लवकर मिळत असले तरी ते बहुधा शोधयंत्रांना दिसत नाही आणि पुढच्या गरजूला उपयोगी पडत नाही. म्हणून मुख्य आधार खुल्या संग्रहाच्या गटाचा ठेवावा आणि गप्पांचा गट तातडीपुरता जोडीला असावा, असे माझे ठाम मत आहे.

निवडलेल्या दोन-तीन गटांत खाते आजच उघडावे, कारण काही ठिकाणी नव्या सदस्याचा पहिला संदेश तपासणीसाठी अडकून राहतो. खात्याशी जोडलेला ईमेल फोनवरून उघडतो का, हे तपासून पाहावे. ईमेल यादीवर पाठवलेले पत्र अनेकदा पत्त्यासह सार्वजनिक संग्रहात कायमचे राहते, तेव्हा या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवणे शहाणपणाचे आहे. गटांचे दुवे आणि यंत्राच्या नोंदी फोनमध्ये तर ठेवाव्यातच, पण कागदावरही उतरवून ठेवाव्यात.

यासोबतच सुटकेची साधने जमवावीत. महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर असल्याशिवाय कोणाचाही सल्ला अमलात आणू नये. सुरू करता येईल असा इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक खरोखर सुरू होतो का, ते एकदा पाहावे. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की यंत्राबाहेर लिहून ठेवावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बाधित झाली. उपाय काही तासांतच सर्वत्र सांगितला गेला होता, पण कूटबद्ध डिस्क असलेल्या अनेक यंत्रांवर तो करण्यासाठी आधी हीच की हवी होती. लिनक्सवर आधीच्या वेळचा लॉग (प्रणालीने आपोआप ठेवलेली घडामोडींची नोंद) जपला जाईल अशी व्यवस्था आहे का, हे बघून ठेवावे, कारण काही ठिकाणी यंत्र पुन्हा सुरू होताच तो पुसला जातो आणि ज्या क्षणाचा पुरावा हवा असतो तोच नाहीसा होतो.

प्रत्यक्ष अडचण आल्यावर काहीही बदलण्यापूर्वी नोंद घ्यावी. पडद्यावरील संदेश शब्दशः उतरवावा किंवा त्याचा फोटो काढावा. विंडोज कोलमडल्यावर दिसणाऱ्या पडद्यावरील स्टॉप कोड (बिघाडाची सांकेतिक खूण) आणि त्यासोबत दिसणारे फाइलीचे नाव ही शोधासाठी सर्वांत चांगली सूत्रे असतात. संदेश इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत दिसत असेल तर त्याचा मूळ इंग्रजी मजकूर मिळवावा, म्हणजे शोध अधिक फळतो. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत काय बदलले, कोणता अपडेट आला, कोणता ड्रायव्हर किंवा नवे उपकरण जोडले, हे आठवून लिहावे. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ ही हकिगत दिवसवार दाखवतो, आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. त्यानंतर निर्मात्याच्या ज्ञात अडचणींच्या पानावर आपली तक्रार आधीच नोंदली गेली आहे का, ते पाहावे आणि मगच गटात लिहावे.

प्रश्न लिहिताना मथळ्यात यंत्र, आवृत्ती आणि लक्षण असावे. ‘कृपया मदत करा’ या मथळ्यापेक्षा ‘उबंटू २४.०४ : झोपेतून जागे झाल्यावर वाय-फाय जोडले जात नाही’ हा मथळा योग्य जाणकाराला थांबवतो. मजकुरात आपल्याला काय साध्य करायचे आहे, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, या क्रमाने लिहावे. आपणच ठरवलेल्या उपायाची अडचण विचारताना मूळ हेतू सांगायचा राहून जातो आणि मग चर्चा चुकीच्या वाटेने लांबत जाते, म्हणून हेतू पहिल्याच वाक्यात असावा. लॉगचा फोटो न देता मजकूर चिकटवावा, परंतु त्याआधी वापरकर्त्याचे नाव, अनुक्रमांक, प्रॉडक्ट की, वाय-फायचे नाव आणि सार्वजनिक आयपी पत्ता झाकावा. यंत्राची माहिती दाखवणाऱ्या लिनक्सवरील ‘इन्क्सी’ या आज्ञेला ‘झेड’चा पर्याय दिला की यातील बरीच माहिती ते स्वतःच गाळते.

सावधगिरीबाबत तडजोड करू नये. खाजगी संदेशातून संपर्क साधून दूरस्थ प्रवेश किंवा पैसे मागणाऱ्याला तेथेच नकार द्यावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशांत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो, त्यामुळे पडद्यावर झळकणारा असा क्रमांक फसवणुकीचाच समजावा. उघड्या गटात दिलेली आज्ञासुद्धा तिचा प्रत्येक भाग काय करतो हे कळल्याशिवाय चालवू नये. फाइली पुसणाऱ्या किंवा डिस्कवर थेट लिहिणाऱ्या आज्ञांच्या बाबतीत दुसऱ्या सदस्याच्या दुजोऱ्याची वाट पाहावी.

उत्तरे येऊ लागली की एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम त्याच चर्चेत कळवावा. दोन दिवस उत्तर न आल्यास तोच प्रश्न इतरत्र विचारायला हरकत नाही, मात्र दोन्हीकडे परस्परांचा दुवा द्यावा, म्हणजे स्वेच्छेने वेळ देणाऱ्यांचे श्रम वाया जात नाहीत. अडचण सुटल्यावर नेमका कोणता उपाय लागू पडला हे आवृत्तीच्या क्रमांकासह लिहावे, उत्तर स्वीकारल्याची खूण करावी आणि आपल्या कागदावरील यंत्राच्या नोंदीत तो बदल तारखेसह भरावा.